आईबापांविरुद्ध उठलेली पिढी? चीनच्या सांस्कृतिक क्रांतीविषयीचे एक अर्धसत्य

"सांस्कृतिक क्रांतीत चीनच्या तरुण पिढीने वडीलधाऱ्यांविरुद्ध बंड केले, घरातले संस्कार संपल्यामुळे पोटच्या मुलांनी आपणहून आईबापांना पकडून दिले," असे विधान चीनचे सर्वोच्च नेते माओ यांनी पुकारलेल्या १९६६ ते १९७६ मधील या राजकीय मोहिमेचा विषय निघाला की हमखास केले जाते. मुलांनी आईबापांविरुद्ध तक्रारी केल्या, हे खरे आहे. मात्र त्यामागचे जे कारण या विधानात सांगितले जाते ते चुकीचे आहे, आणि त्यामुळे खरे दोषी नजरेआड होतात.

आधी 'बंड' या शब्दाविषयी. १९१९च्या चार मे चळवळीतील तरुण ठरवून दिलेली लग्ने आणि कुटुंबप्रमुखाची सत्ता नाकारत होते. त्याला बंड म्हणणे योग्यच आहे. १८ ऑगस्ट १९६६ रोजी तिआनानमेन चौकात जमलेले विद्यार्थी मात्र ७२ वर्षांच्या माओंचा जयघोष करत होते आणि या विद्यार्थ्यांच्या हिंसाचारात हस्तक्षेप करू नये, असे पोलिसांना वरून सांगितले गेले होते. सत्तेच्या शिखरावरील वृद्धाच्या हाकेला ओ देणे म्हणजे वडीलधाऱ्यांविरुद्धचे बंड नव्हे.

दुसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. जमीनदार, श्रीमंत शेतकरी, प्रतिक्रांतिकारक, 'वाईट घटक' आणि 'उजवे' (म्हणजे पक्षविरोधी ठरवलेले) असे शिक्के ज्यांच्यावर बसले होते, त्यांचा कलंक मुलांनाही चिकटत असे. 'बाप वीर तर मुलगा शूर, बाप प्रतिगामी तर मुलगा नालायक,' ही त्या वेळची घोषणाच होती. म्हणजे राजवटीने दोन पिढ्यांना वेगळे केले नव्हते, तर एकाच शिक्क्यात बांधून टाकले होते, आणि त्यातून सुटू पाहणाऱ्या मुलासमोर आईबापांशी जाहीरपणे 'सीमारेषा आखणे', म्हणजे संबंध तोडणे, हा मार्ग ठेवला होता. चांगले गुण असूनही आईवडिलांवरील 'उजवे' या शिक्क्यामुळे ज्याला विद्यापीठाचे दार बंद झाले, त्या यू लुओके या बीजिंगच्या तरुणाने रक्तावरून माणूस ठरवणाऱ्या या व्यवस्थेविरुद्ध निबंध लिहिला. तो जानेवारी १९६७ मध्ये छापला गेला. ५ मार्च १९७० रोजी, वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी, त्याला मृत्युदंड देण्यात आला. खरे बंड कोणी केले आणि त्याची किंमत काय होती, हे येथे दिसते.

'मुलांनी आपणहून' हेही तपासले पाहिजे. आन्ह्वेई प्रांतातील गुझेन येथे १९७० मध्ये एका आईने घरातल्या बोलण्यात माओंच्या व्यक्तिपूजेवर टीका केली. तिच्या १६ वर्षांच्या मुलाने तिच्याविरुद्ध तक्रार केली, हे वारंवार सांगितले जाते; तिच्या नवऱ्यानेही केली, हे सहसा सांगितले जात नाही. त्याच्यावरही पूर्वी सभांमधून आरोप झाले होते. दोन महिन्यांच्या आत तिला गोळ्या घालण्यात आल्या. १९८० मध्ये न्यायालयाने तिला निर्दोष ठरवले आणि २०१३ मध्ये मुलाने जाहीर माफी मागितली. ज्या घरात नवरा आणि मुलगा दोघेही भयाने तक्रारदार झाले, त्या घराची कहाणी पिढ्यांच्या भांडणात बसवता येत नाही.

राहिला संस्कारांचा प्रश्न. बापाने मुलाचा आणि मुलाने बापाचा अपराध झाकावा, यातच सचोटी आहे, असे कन्फ्यूशियसने सांगितले होते, आणि प्राचीन तांग राजवंशाच्या काळातील कायद्यात तर आईबापांवर आरोप करणारे मूलच कठोर शिक्षेस पात्र ठरत असे. एवढी जुनी मर्यादा मुलांच्या उर्मटपणाने मोडली नाही; ती मोडायला लावली गेली. पुढे २०१२ मध्ये चीनने फौजदारी प्रक्रिया कायद्यात दुरुस्ती करून आरोपीचा जोडीदार, आईवडील आणि मुले यांना साक्षीसाठी न्यायालयात हजर राहण्याची सक्ती करता येणार नाही, अशी तरतूद केली.