पाकिटात किती घालायचे?

सिंगापूरला यायच्या आधी सगळ्यांनी बजावून सांगितलं होतं की तिथे च्युइंगम मिळत नाही, कचरा टाकलास तर दंड होईल, ट्रेनमधे पाणीसुद्धा पिऊ नकोस. लग्नाच्या पाकिटात किती घालायचे हे मात्र एकानेही सांगितलं नाही, आणि आमच्या घरातली निम्मी भांडणं तर ह्याच एका विषयावर होतात.

इथलं चायनीज लग्न म्हणजे आम्हा पाहुण्यांपुरतं हॉटेलातलं डिनर. दहा जणांचं गोल टेबल, आठ-नऊ कोर्सेस. बाहेर नातेवाईक मंडळी पेटी घेऊन बसलेली असतात, तिच्यात आपलं लाल पाकीट, म्हणजे आंगपाव, टाकायचं, यादीत नाव दाखवायचं आणि टेबल नंबर घेऊन आत. नियम असा की आपल्या खुर्चीचा खर्च साधारण निघेल इतकं तरी पाकिटात असावं. म्हणजे आहेर आधी हॉटेलवर ठरतो आणि मग नात्यावर! आणि ह्यात लपवाछपवी काही नाही, कुठल्या हॉटेलला किती द्यायचे ह्याच्या याद्या दर वर्षी नेटवर फिरतात, लंचचा रेट वेगळा, डिनरचा वेगळा, शनिवार रात्रीचा अजून वेगळा.

नवऱ्याने अशी यादी पहिल्यांदा दाखवली तेव्हा मला कसंतरीच झालं, लग्नाला चाललोय की तिकीट काढतोय? सासूबाई मात्र तेव्हा मिरजेहून आलेल्या होत्या त्या एकदम खूष. त्यांच्याकडे स्वतःच्या लग्नापासूनची आहेराची वही आहे, कोणी किती दिले, आपण त्यांना किती परत केले, कोणाकडून स्टीलचा डबा आला आणि तो पुढे कोणाला गेला, सगळं तारीखवार. म्हणाल्या, "अगं आपण तरी वेगळं काय करतो? वर छापायचं 'आपली उपस्थिती हाच आहेर' आणि आत कोपऱ्यात पुतण्याला बसवायचं वही घेऊन. ही माणसं सरळ आहेत." मला हे पटलं, पण त्यांच्यासमोर तसं म्हणाले नाही.

तर मागे नवऱ्याच्या ऑफिसमधल्या मित्राचं लग्न निघालं. समजा टेबल १५०० डॉलर, पण इथे हॉटेलवाले रेट सांगताना शेवटी 'प्लस प्लस' म्हणतात, म्हणजे त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्यावर ९ टक्के जीएसटी. झाले जवळपास १८००, भागिले दहा, माणशी १८०, दोघांचे ३६०. संपलं ना? नाही संपत. आकडा सम हवा. त्यात चार नको, कारण चार म्हणजे थेट मरण. आठ असेल तर उत्तम, कारण आठ म्हणजे भरभराट. ३६० मधे चार नाही पण आठही नाही, म्हणजे आपण नुसतं बिल भरल्यासारखं दिसतं. म्हणून ३८८. रुपयात पंचवीस हजारांच्या वर! मिरजेत एवढ्यात आम्ही अख्खा लग्नाचा सीझन काढला असता.

आणि इथे आमच्या ह्यांनी बसकण मारली. म्हणे आकड्यावर एक ठेवल्याशिवाय माझा हात पुढे होत नाही, ३८८ कसा बोडका वाटतो. आता ह्या माणसाला लहानपणापासून ५१, १०१, ५०१ अशीच सवय, पाकिटावर रुपया चिकटवलेला नसेल तर आहेर अर्धवट. पण चायनीज लोकांत विषम आकडा द्यायचा तो मयताला! आमच्या ब्लॉकखाली तळमजल्याची जी मोकळी जागा असते ना, व्हॉइड डेक, तिथेच कोणी गेलं की तीन, पाच किंवा सात दिवस बैठक असते, भेटायला जायचं, शेंगदाणे खात गप्प बसायचं आणि पांढऱ्या पाकिटात विषम रक्कम द्यायची. म्हणजे आपल्याकडे नवरानवरीला हौसेने दिलेले १०१ इथे थेट दुसऱ्याच समारंभाला जातात. तासभर समजावल्यावर नवरा ३८८ ला तयार झाला, पण रात्री झोपताना परत एकदा "एक डॉलर वेगळा हातात दिला तर?" विचारून झालंच.

डिनरचं काय सांगू. पत्रिकेत सात, सुरू झालं साडेआठला (इथे मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं). वधूवर दोनदा एंट्री घेतात, मधे नवरी कपडे बदलून येते, मग सगळे ग्लास उंचावून 'याऽऽऽम सेंग' अशी दम संपेपर्यंत आरोळी ठोकतात. आम्ही शाकाहारी म्हणून आमची वेगळी प्लेट, त्यात बदकाच्या आकाराचं, बदकाच्या रंगाचं, बदकासारखी कातडीसुद्धा असलेलं सोयाचं काहीतरी. १८० डॉलरची खुर्ची म्हणून मी ते मुकाट्याने संपवलं.

पुढच्याच महिन्यात शेजारच्या मलय कुटुंबात लग्न, तेही खाली व्हॉइड डेकमधेच. दुपारी कधीही या, बिर्याणी खा, वधूवर सिंहासनावर बसलेत त्यांच्याबरोबर फोटो काढा आणि निघा. नवरा पाकीट घेऊन पेटी शोधत गरागरा फिरला. पेटी नाहीच! निघताना यजमानांशी हात मिळवायचा आणि त्याच हातातून पैसे सरकवायचे, कोणी बघत नाही, कोणी मोजत नाही. हे मला सगळ्यात आवडलं.

चायनीज न्यू इयरला तर पाकिटं वाटायची ती लग्न झालेल्यांनी आणि घ्यायची बिनलग्नाच्यांनी, त्यामुळे आमच्या ऑफिसात नुकतंच लग्न झालेली ज्युनियर पोरगी कोऱ्या नोटा घेऊन पाकिटं वाटत फिरते आणि तिच्या दुप्पट पगाराचा बिनलग्नाचा टीम लीड निवांत संत्रं सोलत बसलेला असतो.

मग आमच्या धाकटीचं बारसं झालं. मी सगळ्यांना स्पष्ट कळवलं की काही आणू नका. झालं, आदल्या रात्री फोनवर मेसेजेस सुरू. एकीने विचारलं रेट काय? दुसरीने विचारलं हॉल कुठला? आणि आमच्या समोरच्या चायनीज आंटींनी कुठूनतरी शोधून काढलं की इंडियन लोकांना वर एक लागतो. विषम आकडा द्यायचा म्हणून बिचाऱ्यांच्या जिवावर आलं असणार, पण आणलं. लाल पाकीट, आत ५० ची नोट, आणि वर सेलोटेपने चिकटवलेलं मर्लायनचं, म्हणजे सिंगापूरच्या त्या सिंहाच्या तोंडाच्या माशाचं चित्र असलेलं, एक डॉलरचं नाणं.

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता, माणूस जवळजवळ रडला. सासूबाईंनी लगेच वही काढली, आंटींचं नाव मला तीनदा विचारून देवनागरीत लिहिलं, पुढे ५१ मांडले आणि म्हणाल्या, "आता त्यांच्याकडे काही निघालं की ५२ द्यायचे. एक वाढवूनही झाला आणि समही झाला."

मी म्हटलं, "आणि चारही नाही त्यात."

"नाही ना? मग झालं तर. हॉटेल कुठलं ते तेवढं आधी विचारून घे."