चूक वकिलाची, जीव पक्षकाराचा

अमेरिकेत एखाद्या राज्याने मृत्युदंड दिला आणि तिथली अपिलं संपली, की कैद्याला एक मोठा मार्ग उरतो, फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात हेबियस कॉर्पसची याचिका, म्हणजे मला कायद्याला धरून डांबलंय का ते तपासा, अशी मागणी. ओक्लाहोमा सिटीतल्या बॉम्बस्फोटानंतर 1996 साली क्लिंटन यांच्या सहीने कायदा आला आणि या याचिकेला एक वर्षाची मुदत लागली. मुदत असायला माझी हरकत नाही. खून झालेल्याच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा झेलत बसावं, हेही क्रूरच. पण मुदत चुकली की खापर कुणाच्या डोक्यावर फुटतं, ते मला सहन होत नाही.

फ्लोरिडातल्या अल्बर्ट हॉलंडचंच बघा. गुन्हा भयंकर, पोलीस अधिकाऱ्याचा खून. कोर्टाने नेमून दिलेल्या वकिलाने राज्याच्या कोर्टात अर्ज केला तेव्हा वर्षातले जेमतेम 12 दिवस शिल्लक होते. असा अर्ज चालू असेपर्यंत मुदत थांबते, तो निकालात निघाला की पुन्हा मोजायला लागतात. हॉलंडला हे माहीत होतं! फेडरल याचिका वेळेत दाखल करा, म्हणून तो तुरुंगातून वकिलाला पत्रांवर पत्रं लिहीत होता. वकील बदलून द्या, असंही त्याने कोर्टाला विनवलं. नकार मिळाला. पुढे निकाल लागला, तोही त्याला कुणी कळवला नाही. 18 जानेवारी 2006 ला तुरुंगाच्या ग्रंथालयात त्याला तो कळला. त्याच दिवशी त्याने स्वतः याचिका लिहिली आणि दुसऱ्या दिवशी टपालाने पाठवली. तोवर 12 दिवस उलटून गेले होते.

खालच्या कोर्टांनी मुदतीवर बोट ठेवलं. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 मतांनी सांगितलं की असाधारण परिस्थितीत मुदत वाढू शकते. पण वकिलाने नुसती तारीख मोजताना चूक केली, तर ती असाधारण नाही. कारण म्हणे वकील हा पक्षकाराचा प्रतिनिधी, त्याने केलं ते पक्षकाराने केलं. व्यापारी करारात हे मला पटेल. इथे मात्र वकील कैद्याने निवडलेला नाही, आणि त्याला काढणं कैद्याच्या हातात नाही.

मिसूरीत मार्क क्रिस्टेसनच्या वकिलांनी याचिका 117 दिवस उशिरा दाखल केली. मुदत टळेपर्यंत ते त्याला एकदाही भेटले नव्हते. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला नवे वकील मिळण्याची वाट मोकळी केली, तरी जानेवारी 2017 मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला.

मृत्युदंडाच्या प्रकरणात नेमलेल्या वकिलाने तारीख चुकवली असेल, तर तेवढं एकच कारण विलंब माफ करायला पुरेसं मानावं. याचिका फेटाळायचीच असेल तर खुशाल फेटाळा, पण आत काय लिहिलंय ते वाचून.