अण्णांचा चहा कोण करणार

अण्णांना पॅरालिसिस होऊन पाच महिने झाले आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर अजून एकच भांडण चालू आहे, आराम की व्यायाम. कबुतराच्या रक्ताने मालिश करा हेही सांगून झालं (हो, अजून सांगतात). दादाने सांगलीत दोन शिफ्टला ब्युरोचा माणूस ठेवलाय, तो अण्णांना उचलून बसवतो, भरवतो, संडासला नेतो, आणि मी इंग्लंडमधल्या लेस्टरहून रोज म्हणते की अरे त्यांचं त्यांना उठू दे. दादाचं उत्तर ठरलेलं, "तिथून बोलायला तुझं काय जातंय?"

खरंय, काहीच जात नाही. पण इथे शेजारच्या आजोबांना स्ट्रोक झाला तेव्हा घरी आलेल्या थेरपिस्टने त्यांना आधी काय करायला लावलं, तर स्वतःचा चहा. किटली भरा, वळा, फ्रीज उघडा, कप काढा. ती मागे हात पसरून उभी, पण पडायला लागल्याशिवाय हात लावणार नाही. मग ओट्याला धरून कमजोर पायावर भार द्यायचा, खुर्चीतून हात न टेकता उठबस, तेच पुन्हा पुन्हा. तोल मोजायला बर्ग स्केल आहे, 14 कामं, 56 मार्कं, त्यात खाली पडलेली वस्तू उचलणं, मागे वळून बघणं आणि स्टुलावर आळीपाळीने पाय ठेवणं. ते वाचून मला आमचा उंबरठाच आठवला.

इथलं कौतुक पण पुरे. 2023 च्या सरकारी गाइडलाइनमध्ये गरज असेल त्याला दिवसाला किमान 3 तास, आठवड्याला 5 दिवस थेरपी असं छापलंय, आणि आजोबांकडे सहा आठवडे लोक आले, मग एक पत्र आणि व्यायामाच्या चित्रांची झेरॉक्स. मागे उभं राहायला घरात कोणी नाही म्हणून आता दिवसभर टीव्हीसमोर.

मग मी लिहिणारच होते की आपल्याकडे माणसं आहेत ना, घरच्यांनाच शिकवा. तर हेही भारतातच तपासून झालंय. अटेंड नावाची ट्रायल, 14 हॉस्पिटलं, 1250 पेशंट, 2017 ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आली. घरच्यांना शिकवलेला गट आणि नेहमीच्या ट्रीटमेंटचा गट, सहा महिन्यांनी गेलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्हीकडे 47 टक्के. म्हणजे नुसत्या मायेवर भागत नाही, जाणता माणूस लागतोच.

म्हणून दादाला लिहिलं, ब्युरोची एक शिफ्ट बंद कर, त्या पैशात आठवड्यातून तीनदा न्यूरोचा फिजिओ आण, आणि उरलेल्या शिफ्टवाल्याला सांग, उचलायचं नाही, मागे उभं राहायचं.

दोन दिवस नुसत्या निळ्या टिका. काल व्हिडिओ आला. अण्णा ओट्याशी, डावा हात कट्ट्यावर टेकलेला, उजव्या हाताने पातेल्यात साखर, निम्मी बाहेर. आईचा हात त्यांच्या पाठीपासून वीतभर लांब. खाली दादाचा मेसेज, "गॅस कोणी पेटवला ते विचारू नकोस."