दोष फक्त गरम होण्याचा नाही

लेखात म्हटलंय की फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबतो तो सेन्सर तापतो म्हणून. तापतो हे खरं, पण मग वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे बरोब्बर एकाच सेकंदाला कसे तापतात? खरं कारण युरोपातली जकात. अर्धा तास किंवा जास्त सलग चित्रण करणारं यंत्र तिथे व्हिडिओ कॅमेरा धरलं जाई आणि त्यावर ४.९ टक्क्यांपासून पुढे शुल्क बसे. साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर शून्य. मग कंपन्यांनी एक सेकंद कापला, आणि बहुतेकांनी जगभर तेच मॉडेल विकलं. भुर्दंड आम्हाला!

काही जुन्या कॅमेऱ्यांची १२ मिनिटांची मर्यादा मात्र वेगळी, ती एफएटी३२ मुळे: मेमरी कार्डावर फाइली साठवायच्या या जुन्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही.

आमच्या पेडण्यात जत्रेचा दशावतार रात्रभर चालतो. ऐन संकासुराच्या प्रवेशाला कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरचा, चित्रण चालू असल्याचा लाल ठिपका गुपचूप विझतो आणि गर्दीत कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून मी दर प्रवेशाला, पेटीवाला सूर धरतो तेवढ्यात, स्वतःच चित्रण बंद करून परत चालू करतो.

२०१५ च्या जागतिक व्यापार संघटनेतल्या करारानंतर ही जकात टप्प्याटप्प्याने गेली. सोनी ए७एस ३ सारख्या २०२० च्या कॅमेऱ्यात ही मर्यादा नाहीच. जुना घेणार असाल तर दुकानदाराला आधी हे विचारा, मेगापिक्सेल मागाहून. आणि मे महिन्यातल्या उकाड्यात नवासुद्धा तापून बंद पडू शकतो, तेवढं लेखकाचं बरोबर.