पिकअपचं शिवधनुष्य

आमच्याकडं एक पिकअप आहे. म्हणजे आण्णांची आहे, मी फक्त तिची सेवा करतो. २००३ च्या सिंहस्थात घेतली, २०१५ च्या सिंहस्थात तिचं इंजिन उतरवलं, आणि आता २०२७ चा जवळ आला म्हणून घरात आपोआप विषय निघाला की हिचं आता काय करायचं. आण्णा म्हणाले, काही करायचं नाही. आण्णांचं प्रत्येक सिंहस्थाला हेच म्हणणं असतं.

गाडीचं दुखणं एकच होतं, वळणावर झुकते. मखमलाबादहून टोमॅटोच्या साठ जाळ्या भरून पेठ रोडच्या मार्केट यार्डात निघालं, म्हणजे वीस किलोची एक धरली तरी बाराशे किलो माल, की आरटीओ कॉर्नरला ती अशी कलायची की वरच्या थरातल्या जाळ्या एकमेकींवर घासून चिरकायच्या आणि आण्णा स्टेअरिंग धरून उलट्या बाजूला झुकायचे, गोदावरीला पूर आलाय आणि आपण होडीत बसलोय असं. आईची तक्रार वेगळीच. तिचं म्हणणं गाडी नुसती उभी असली तरी डावीकडं तिरकी दिसते, आणि दारात असं तिरकं काही उभं असलं की पाहुणे घराबद्दल काय विचार करतील. मी दोघांनाही एकदमच सांगून टाकलं की स्टॅबिलायझर बसवला की सगळं सरळ होईल. 'सगळं' हा शब्द तेव्हा उगाच वापरला.

स्टॅबिलायझर, किंवा अँटी रोल बार म्हणा, म्हणजे यू आकारात वाकवलेली एक जाड सळई, स्प्रिंग स्टीलची. मधला भाग रबरी बुशांत धरून मागच्या ॲक्सलला, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याला बांधायचा आणि दोन्ही टोकं लिंक रॉडनं चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला. दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली तर सळई नुसती बुशात फिरते, तिला काही देणंघेणं नाही. पण एकच बाजू दबली की तिला पीळ पडतो आणि मग ती दबलेलीला वर ढकलते आणि वर गेलेलीला खाली ओढते. थोडक्यात भावकी. एकाला वर जाऊ द्यायचं नाही.

आमच्या गाडीला कंपनीनं मागं हा बार दिलेलाच नव्हता, त्यामुळे शोधायचा तर त्याच घराण्यातल्या एखाद्या मोडीत निघालेल्या जीपचा. शनिवारी सकाळी अंबड लिंक रोडला गेलो. मी सातपूरला कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे भंगारात व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं माप, घेऊन जाणारा अख्ख्या नाशिकमध्ये मी एकटाच असेन. तिथं ढिगात दोन बार सापडले, एक वीस मिलीमीटरचा आणि एक बावीसचा. आता दोन मिलीमीटरनं काय होतंय असं वाटेल, पण पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे दहा टक्के जाडी वाढली की ताकद सेहेचाळीस टक्क्यांनी. हे मी भंगारवाल्याला समजावून सांगितलं. ही माझी चूक. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि बावीसवाल्याचा भाव अठराशे सांगितला.

मी म्हटलं, "अहो, पाच किलो लोखंड आहे हे. भंगाराच्या भावानं दोनशे रुपये होत नाहीत."

"शेठ, किलोवर घ्यायचं का नगावर?"

"म्हणजे?"

"किलोवर घेतला तर ते भंगार. मग मी कटरनं दोन तुकडे करून देतो, किलोवरचा माल तसाच जातो आमच्याकडं. नगावर घेतला तर तो पार्ट."

चौदाशेला नगावर घेतला. लिंक रॉड त्यालाच लटकत होते, ते फुकट आले आणि फुकट का आले ते रात्री कळलं.

आता न्यायचा कसा. मी स्कूटरवर गेलेलो. डिकीत मावत नाही, पायाशी आडवा धरला तर दोन्हीकडं दोन-दोन फूट बाहेर, शेवटी गळ्यातून तिरका अडकवून पाठीवर घेतला आणि निघालो. त्र्यंबक नाक्याला सिग्नलला शेजारच्या रिक्षातला एक पोरगा टक लावून बघत होता, त्यानं आईला विचारलं ते मला ऐकू आलं नाही पण तिनं हात जोडले. रामवाडीच्या पुलावर मग मलाच सुचलं की पंचवटीत पाठीला धनुष्य लावून शिरणारा मी काही पहिला नाही, फक्त आधीच्यांना बहुतेक मानेला रॅश आली नसावी.

रात्री लिंक रॉड सोडवायला बसलो. चार नट, चारही गंजून बोल्टशी एकजीव झालेले. डिझेल सोडून ठेवलं, चहा प्यायलो, परत डिझेल सोडलं, मग पाना लावून वर पाईप चढवला आणि अंगाचा भार दिला. पहिला नट कुरकुर करत सुटला. दुसऱ्याचे कोपरेच गेले, मस्त गोल झाला, गोळीसारखा. तिसऱ्याला मी काही बोललोच नाही, सरळ ग्राइंडर लावला. नवीन बुश आणि लिंक मग रविवारी सारडा सर्कलजवळच्या दुकानात घेतले. दुकानदारानं गाडी कोणती विचारलं, मी दोन गाड्यांची नावं सांगितली, तो म्हणाला ठरवून या. मी व्हर्निअर काढला.

बुश बसवताना ग्रीस लावायचं नाही हे मला माहीत होतं, साध्या ग्रीसनं रबर फुगतं, साबणाचं पाणी लावायचं. तर आईचं भांड्याचं लिक्विड घेतलं. "अख्खी बाटली?" एवढंच ती म्हणाली, पण दिवसभर म्हणत होती.

खरी लढाई चिंचेखाली. गाडीखाली जायला जागा हवी म्हणून डाव्या बाजूनं चेसिसला जॅक लावला, चाक काढलं आणि स्टेपनी चेसिसखाली आडवी सरकवली, जॅक सरकला तर गाडी टायरवर बसावी, माझ्यावर नाही. क्लॅम्प आधीच अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून आणले होते, ते बसले. बार वर धरला तर मधला बाक बरोबर ॲक्सलच्या मधल्या डिफ्रन्शियलच्या गोळ्यावर टेकतोय. तोवर शेजारचे नाना बांधावरून आलेच. कुणी गाडीखाली झोपलेलं दिसलं की नाना येतात.

"अरे इंजिनियर, गरम कर अन् वाकव. गॅस आणू का माझ्याकडला?"

मी खालूनच ओरडलो, नाही नाही नाही. स्प्रिंग स्टील आहे ते, त्याचं पाणी कारखान्यात चढवलेलं असतं, लाल होईपर्यंत तापवलं की उतरतं आणि मग ती नुसती सळई राहते, मांडवाला वापरा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ह्याचं उलटं आहे, जाळलं की पीळच आधी जातो. नाना म्हणाले, "मग उलटा करून बघ." मी म्हटलं तसा प्रश्न नाहीये, भूमिती बघावी लागेल. दहा मिनिटं भूमिती बघितली, नाना घरी पाणी प्यायला गेले, मी उलटा करून बघितला. बसला. नाना परत आल्यावर मी त्यांना हे सांगितलं नाही.

उरले फक्त दोन लिंक. उजवीकडचा लगेच गेला, एवढा लगेच की मला संशय यायला हवा होता. डावीकडचा बोल्ट आणि चेसिसवरचं भोक ह्यांच्यात तीन बोटांचं अंतर. बारा वाजता तीन बोटं होतं. पहार घालून दाबलं, दोन बोटं झालं, बोल्ट घ्यायला हात काढला की परत तीन. मेव्हण्याला फोन करून बोलावलं. त्यानं पहारेवर उभं राहायचं आणि मी बोल्ट घालायचा, तर पहार सटकली आणि तो चिंचेच्या बुंध्यावर जाऊन बसला, बरा आहे आता. उजवा लिंक काढून आधी डावा लावला, तो गेला, मग उजव्याला तीन बोटं. मी व्हर्निअरनं दोन्ही लिंक मोजले, पाव मिलीमीटरचाही फरक नाही. क्लॅम्प मोजले. बार जमिनीवर ठेवून वाकडा आहे का बघितला. चेसिस वाकडी आहे का हा विचार मनात आला तेव्हा घाम फुटला. कानात माती, तोंडात गंज, आणि भांड्याच्या लिक्विडमुळे दोन्ही हातांना लिंबाचा वास.

चार वाजता आण्णा आले. जाळ्या भरून बांधावर तयार, मार्केटची वेळ झालेली.

"झालं का?"

"तीन बोटं राहिलंय."

"तुझी बोटं राहू दे बाजूला. चाक लाव अन् उतरव ती खाली. मला जायचंय."

वाद घालायचं त्राण नव्हतं. चाक लावलं, स्टेपनी ओढून घेतली, जॅक सोडायला लागलो. गाडी खाली येत होती आणि मी सुटलेल्या लिंककडं बघत होतो, बोल्ट हळूहळू भोकाकडं सरकायला लागला, तीन बोटं, दोन, एक, आणि चाकांवर वजन आलं तसा भोकासमोर येऊन उभा राहिला, मेंढरू गोठ्याच्या दाराशी उभं राहतं तसा. मी वाकून बोटानं ढकलला. आत गेला.

एका बाजूनं उचललेल्या गाडीत ॲक्सल तिरका लोंबत होता, म्हणजे बारला आधीच पीळ घालून मी चार तास त्याच्याशी भांडत होतो. त्याचं कामच ते आहे, एक बाजू वर घेतली की विरोध करायचा. भंगारवाल्याला, नानांना, सगळ्यांना मीच समजावून सांगितलेलं. मेव्हणा काही बोलला नाही. त्याला बसताना दुखत होतं.

नट घट्ट केले, साठ जाळ्या चढवल्या आणि आण्णांच्या शेजारी बसून निघालो. आरटीओ कॉर्नर आला तसे आण्णा सवयीनं झुकले. गाडी झुकलीच नाही. आण्णा एकटेच झुकले, आणि डोकं खिडकीच्या काचेला लागलं. मागं एक जाळी चिरकली नाही. आण्णांनी डोकं चोळलं, पुढं पाहिलं आणि म्हणाले, "हं." दहावीला मला पंच्याऐंशी टक्के मिळाले तेव्हाही त्यांनी एवढंच म्हटलं होतं.

रात्री रिकामी गाडी दारात लावली. आई ओट्यावर आली, कमरेवर हात ठेवून बघितलं.

"तिरकीच आहे की अजून."

मी तिला समजावायला बसलो, की अगं, बारचं काम वळणावर, उभ्या गाडीत तो काय करणार, डावीकडचे कमानपाटे बसलेत, आण्णा वर्षानुवर्षं बांधाच्या बाजूनंच माल भरतात, तो दोष वेगळा. ती म्हणाली, म्हणजे पाहुण्यांना आपण वळणावर नेऊन दाखवायची का गाडी?

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत भंगारवाल्याला फोन लावला.

"शेठ, पाटे आहेत ना. अख्खा सेट आहे. फक्त एक सांगा."

"काय?"

"किलोवर का नगावर? आणि स्कूटर आणू नका."