स्कॅन केलं म्हणजे झालं?

आजही तेच! १९३०च्या दशकातल्या एका मासिकातला लेख हवा होता. अंक स्कॅन झालेत, पण फाइलींची नावं 'स्कॅन००४७', 'नवीन फायनल २'. वर्ष नाही, महिना नाही, अनुक्रमणिकेचं पानच गायब. एकेक पीडीएफ उघडण्यात अख्खी दुपार गेली. शोधायची सोय असते तिथेही रडच. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधी लोक 'गांव', 'नांव', 'कांहीं' लिहायचे. आपण 'गाव' टाकलं की निकाल शून्य! अनुस्वार सोडून शोध, एवढंही यंत्राला सांगून ठेवता येत नाही? अहो, स्कॅनिंगवर एवढा पैसा घातलात, मग लेख, लेखक, पान अशी साधी सूची करायला एक माणूस बसवा की! कपाटात पानांचा भुगा होत होता म्हणून हा खटाटोप केला ना? आता तीच पानं संगणकात हरवलीत.