आकाशातल्या पतंगापासून आपला व्ह्यू कसा वाचवावा

तुमच्या बाल्कनीतून डोंगर किंवा समुद्र दिसत असेल तर सावध व्हा, कारण यावेळी संकट वरून येतंय. आतापर्यंत पवनचक्की म्हणजे निदान जमिनीत रोवलेला खांब असायचा, बोट दाखवून शिव्या घालायची सोय होती. आता इंजिनियर लोकांनी खांबच काढून टाकलाय! दोरीला बांधलेला मोठा पतंग नाहीतर छोटं विमान दोनचारशे मीटर वर सोडायचं, वारा त्याला ओढतो, दोरी खाली ड्रमवरून सुटत जाते, ड्रमबरोबर जनरेटर फिरतो आणि झाली वीज. वर वारा जास्त असतो आणि वेग दुप्पट झाला की त्याची ताकद आठपट होते म्हणून हा सगळा खटाटोप. माइल्स लॉइड नावाच्या इंजिनियरने 1980 सालीच याचं गणित मांडून ठेवलंय, म्हणजे बघा, तुमच्या व्ह्यूवर कधीपासून डोळा आहे ते.

तर पहिली गोष्ट, विरोध आत्ताच करा, पतंग दिसायची वाट बघू नका. एकदा वस्तू उभी राहिली की लोकांना तिची सवय होते आणि मग ती आवडायलाच लागते. 1887 मध्ये पॅरिसच्या नामवंत कलाकारांनी आयफेल टॉवरविरुद्ध जाहीर पत्र काढलं होतं, आज तोच टॉवर दिसणाऱ्या खोलीचं भाडं जास्त. हॉलंडमधल्या किंडरडाइकच्या 19 पवनचक्क्या तर 1997 पासून जागतिक वारसा आहेत. खरं म्हणजे पाणी उपसायची मशिनं ती, पण यंत्र जुनं झालं की निसर्गात जमा होतं.

दुसरं, मुद्दा नीट निवडा. खांब जाडजूड दिसतो हे आता चालणार नाही, कारण खांब नाही आणि दोरी तर थोडं लांब गेलात की दिसतच नाही. म्हणून म्हणायचं की ते हलतं. पतंग दिवसभर आठचा आकडा काढत फिरतो, त्याने मनःशांती ढळते. हायटेन्शनचे टॉवर कसे गुमान उभे असतात, विमानांचे पांढरे पट्टे कसे आपोआप विरतात, आणि तुमच्या बिल्डिंगने मागच्या लोकांचा डोंगर झाकला तो विषय वेगळा आहे, तो काढायचा नाही.

मीटिंगमध्ये मात्र एक मागणी जरूर करा, की हे यंत्र आम्हाला अजिबात दिसता कामा नये आणि वैमानिकाला लांबूनच दिसलं पाहिजे. दोरीला ठळक खुणा नाहीत, दिवे नाहीत म्हणजे सुरक्षा नाही, आणि खुणा न् दिवे लावले की झाला व्ह्यू खराब. यातून पतंग उडवणाऱ्या कंपन्यांना बाहेर पडता येत नाही (हा पेच खरोखरच त्यांना छळतो, मी गंमत करत नाहीये). दोरी तुटली तर पतंग कुठे पडेल, खाली किती जागा मोकळी सोडावी लागेल, असले प्रश्न टाळा. त्यांना उत्तरं असू शकतात, सौंदर्याच्या प्रश्नाला नसतात.

फोटोची वेळही साधा. दोरी पूर्ण सुटली की ती परत गुंडाळावी लागते आणि त्याला बनलेल्यातलीच थोडी वीज लागते. नेमका तेवढाच व्हिडिओ काढून "हे तर वीज खातंय" म्हणून पुढे पाठवा.

कोर्टात जायचं तर जिंकायच्या भानगडीत पडू नका. डोनाल्ड ट्रम्प यांनी ॲबर्डीनजवळच्या आपल्या गोल्फ कोर्ससमोरच्या समुद्रातल्या 11 पवनचक्क्यांविरुद्ध पार ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत धाव घेतली, 2015 मध्ये हरले आणि 2018 मध्ये चक्क्या फिरायला लागल्या. उलट अमेरिकेतल्या केप विंडचं बघा, 2001 साली आलेला 130 चक्क्यांचा प्लॅन, किनाऱ्यावरच्या श्रीमंत बंगलेवाल्यांनी तारीख पे तारीख लांबवला आणि 2017 मध्ये कंपनीनेच नाद सोडला. धीर धरायचा, बस.

आणि फुकटचं श्रेय मिळत असेल तर लाजू नका. गुगलवाल्यांचा मकानी म्हणून प्रोजेक्ट होता, 26 मीटर पंखांचं विमान, आठ पंखे, वरच वीज बनवून दोरीतून खाली. 2019 मध्ये नॉर्वेच्या समुद्रात उडवलं, ते चाचणीतच गेलं, आणि धंदा उभा राहायला फार वेळ आणि जोखीम दिसते म्हणून 2020 मध्ये दुकान बंद. तुम्ही सांगायचं, आमच्या सह्यांची मोहीम चालू होती.